बेळगावात हेंड्रिक्सच्या स्मरणार्थ मोफत कार्यक्रम: पहिल्या बैठकीपासून मैदान झाडेपर्यंत

सीमाभागात गाण्याबजावण्याचा मोफत कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न येतो, "डॉल्बी कोणाची सांगितली?" माझ्या मते रॉकच्या कार्यक्रमाची गाडी तिथेच चुकीच्या रस्त्याला लागते. एका दिवंगत गिटारवादकाच्या नावाने लोकांना बोलवायचं तर त्याची गिटार लोकांच्या कानात उतरली पाहिजे. त्यासाठी आवाज मोठा असून भागत नाही, स्वच्छ असावा लागतो. तारीख, जागा, वीज, गाणी, निवेदन, सगळं खाली याच धोरणाने सांगितलं आहे.

उदाहरणासाठी अमेरिकी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स घेतला आहे. तुमच्या मनात गॅरी मूर असेल, जेफ बेक असेल, किंवा तुमच्याच गल्लीत आयुष्यभर पोरांना गिटार शिकवून गेलेले सर असतील. तारखा आणि गाणी बदलतील, बाकी खटाटोप तोच.

तारीख

हेंड्रिक्स गेला १८ सप्टेंबर १९७० रोजी, लंडनमध्ये. वय अवघं २७. पुण्यतिथी धरावी असं साहजिकच वाटतं, पण आपल्याकडे तो काळ पावसाचा आणि गणपतीच्या धामधुमीचा. मंडपवाले, साउंडवाले, पोलीस, कोणालाच उसंत नसते. त्याचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १९४२ चा, सिएटलचा. नोव्हेंबरअखेर बेळगावची हवा उघड्यावर बसायला उत्तम. म्हणून जयंती धरा आणि जवळचा रविवार पकडा.

या तारखेला दोन अडचणी आहेत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि मंडप, खुर्च्या, जनरेटर यांचे भाव चढतात, म्हणून ॲडव्हान्स दिवाळीआधीच देऊन ठेवा. दुसरी अडचण डिसेंबरची. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातला पोलीस बंदोबस्त तिकडे वळतो आणि लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. कार्यक्रम पुढे ढकलायची वेळ आली तर डिसेंबर सोडून थेट जानेवारीत जा. फेब्रुवारीनंतर परीक्षांचा हंगाम लागतो, तेव्हा स्पीकर लावणं मुलांवर अन्याय आहे.

१ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवसही टाळा. एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, आणि सगळं पोलीस खातं रस्त्यावर. परवानगीचा अर्ज त्या आठवड्यात न नेता ऑक्टोबरमध्येच देऊन पोच घेतलेली बरी.

जागा आणि डेसिबलचं गणित

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवेन, कारण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते किंवा इथेच ओढवते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सांस्कृतिक प्रसंगासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या सुटीवर आपला कार्यक्रम बेतू नका. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. टिळकवाडीत जागा बघत असाल तर हे आधी मोजा, तिथे पावलोपावली शाळा आहेत.

खरी मेख पुढे आहे. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा, हेही नियमात लिहिलेलं आहे. त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त, किंवा ७५ डेसिबल, यांतला जो कमी असेल तो. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. व्यापारी भागाची ६५, म्हणजे हद्दीवर ७५.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. समजा स्टेजपासून मैदानाची हद्द ८० मीटरवर आहे. तिथे ७५ हवे असतील तर ४० मीटरवर ८१, २० मीटरवर ८७ आणि १० मीटरवर ९३ चालतील. एवढ्यात रॉक बँड व्यवस्थित वाजतो. तेच मैदान निवासी भागात असेल तर १० मीटरवर ८३ च्या वर जाता येत नाही, आणि नुसता ड्रम जोरात वाजवला तरी तो आकडा ओलांडला जातो. तेव्हा घरांच्या मधल्या छोट्या मैदानावर पूर्ण बँड उभा करायचा हट्ट सोडा. तिथे अकूस्टिक गिटार, काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि दोन छोटे स्पीकर एवढ्यावरच बैठक घ्या. ड्रमसह करायचं असेल तर बाजारपेठेच्या बाजूचं मोठं मैदान बघा, नाहीतर सरळ सभागृह. खानापूर रोडवरचं मराठा मंदिर, कॅम्पातलं गोगटे रंगमंदिर, कुमार गंधर्व रंगमंदिर यांची चौकशी आधी करा. सभागृहात प्रेक्षक मोजकेच बसतील, पण गिटारचे बारकावे ऐकू येतील.

मैदान असेल तर स्टेजची पाठ जवळच्या घरांकडे आणि स्पीकरचं तोंड मोकळ्या बाजूला ठेवा. बेसचे डबे कमी लावा. वरचे सूर भिंतीला अडतात, खालचे सूर भिंतीतून घरात शिरतात आणि तक्रार त्यांचीच येते. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. एक कार्यकर्ता फक्त हद्दीवर फिरून आकडे कळवायला नेमा.

शेजारी आणि परवानग्या

अर्ज घेऊन कचेरीत जाण्याआधी मैदानाभोवतीच्या घरांत जा. कोणाकडे आजारी म्हातारं माणूस आहे, कोणाकडे तान्हं बाळ आहे, हे विचारा. कार्यक्रम किती वाजता संपणार ते सांगा, एका माणसाचा मोबाइल नंबर कागदावर लिहून द्या. "आवाज जास्त वाटला तर यांना फोन करा," एवढं सांगितलेलं असलं की फोन पोलिसांच्या आधी तुम्हाला येतो. गल्लीतल्या पंचमंडळींना आणि गणेशोत्सव मंडळाच्या पोरांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मंडप कुठे उभा करायचा, गर्दी कुठून वळवायची, रस्त्यावरच्या वायरी कशा सांभाळायच्या, हे त्यांना पाठ असतं.

कागदपत्रांत मैदानाच्या मालकाचं लेखी पत्र लागतं. महापालिकेचं मैदान असेल तर महापालिकेचं, कॅम्पात असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचं. ते जोडून हद्दीतल्या पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचा आणि लाउडस्पीकरचा अर्ज द्यायचा. वाहतूक पोलिसांना पार्किंगचा कच्चा नकाशा, अग्निशमन दलाला मंडपाची माहिती, हेस्कॉम या वीज कंपनीकडे तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज. खानापूर, निपाणी किंवा एखाद्या खेड्यात कार्यक्रम असेल तर स्थानिक नगरपालिका अथवा ग्रामपंचायत. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या आणि सगळ्यांची एक फाइल कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजजवळ ठेवा.

अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला की काम सोपं होतं. तो कोणा एजंटकडून लिहून घेण्यापेक्षा बँडमधल्या किंवा गल्लीतल्या कन्नड मित्राला आयोजकांतच घ्या. बेळगावात असे मित्र प्रत्येकाला असतात, आणि गिटार शिकणाऱ्यांत तर मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी पोरं एकाच क्लासात बसतात. पोस्टरवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही असू द्या. निवेदक दोन ठेवा, एकाने मराठीत सांगितलेलं दुसऱ्याने कन्नडमध्ये सांगावं, थोडक्यात. स्टेजवर कोणताही झेंडा नको, पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचा फलक नको. बॅनर कापडी करा आणि लावायची परवानगी आधी घ्या.

पैसा, आणि "मोफत" या शब्दाची कायदेशीर किंमत

प्रवेश मोफत ठेवण्याला भावनेपलीकडेही कारण आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एल) असं सांगतं की हौशी क्लबने किंवा मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर संगीतरचना सादर केली तर तो भंग ठरत नाही. पण कलाकारांना मानधन दिलं, किंवा "ऐच्छिक" देणगी दारातच मागितली, तर ही सवलत डळमळते. म्हणून दारात डबा ठेवू नका. वर्गणी काढायची तर महिनाभर आधी, पावती देऊन, आणि तिचा प्रवेशाशी काहीही संबंध नसावा.

व्यावसायिक बँड बोलावत असाल तर आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) आधीच लिहा, गाण्यांची यादी द्या आणि परवाना घ्या. कलाकार जाऊन इतकी वर्षं झाली म्हणजे रचना मोकळ्या झाल्या, असा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडे मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची, म्हणजे हेंड्रिक्सच्या स्वतःच्या रचना २०३० संपेपर्यंत संरक्षित आहेत. शिवाय तो वाजवायचा ती सगळी गाणी त्याची नव्हती. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' बॉब डिलनचं आहे. यादीत प्रत्येक गाण्यासमोर रचनाकाराचं नाव लिहा.

मध्यंतरात मूळ रेकॉर्ड लावायचा मोह टाळा, ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात आणि त्यांचा परवानाही वेगळा. फेसबुकवर किंवा यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही नको, हौशी मंडळाची सवलत समोर बसलेल्या प्रेक्षकांपुरती आहे.

प्रायोजक घ्या, पण निवडून. निपाणी पट्ट्यात तंबाखूच्या व्यापारातली दिलदार माणसं पुष्कळ आहेत. पण २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या उत्पादनांची जाहिरात आणि त्यांच्या नावाने प्रायोजकत्व दोन्ही बंद आहे. दारूचाही फलक नको. ज्या कार्यक्रमाला आईवडील मुलांना घेऊन येणार आहेत, तिथे तो शोभत नाही.

खर्चाचा निम्मा हिस्सा साउंड आणि विजेसाठी राखून ठेवा. सजावटीला कात्री लावा. पाहुण्यांना हार-तुरे देण्यापेक्षा कुंद्याचा डबा द्या, लोक खूश होतात.

साउंडवाला कसा निवडायचा

डॉल्बीची भिंत तयार गाणं मोठ्याने ऐकवण्यासाठी असते. जिवंत बँडला लागतात माइक, मिक्सर, मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर) आणि ते चालवणारा कान असलेला माणूस. ऑर्केस्ट्राला किंवा चर्चच्या क्वायरला साउंड देणारे लोक या कामात जास्त तयार असतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. मिक्सर किती चॅनलचा आहे? कलाकारांसाठी मॉनिटर किती? डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची डबी) आहे का? तिसऱ्या प्रश्नावर "ते काय?" असं उत्तर आलं तर दुसरा साउंडवाला बघा.

ड्रमला चार माइक, बेस गिटारला डीआय, दोन गिटारना दोन, गाणाऱ्यांना तीन, तबल्याला दोन, निवेदकाला एक. तेरा झाले, म्हणजे सोळा चॅनलचा मिक्सर हवा. मिक्सर प्रेक्षकांच्या मध्ये ठेवा. स्टेजच्या बाजूला बसून मिक्सिंग करणाऱ्याला समोर काय पोहोचतंय ते कळत नाही.

हेंड्रिक्सच्या मागे मार्शलच्या अँप्लिफायरची भिंत असायची, म्हणून आपल्यालाही १०० वॅटचा अँप हवा असं पोरांना वाटतं. १५-२० वॅटचा ट्यूब अँप घ्या आणि त्याला माइक लावा. ट्यूब अँपचा तो फाटलेला, गोड आवाज तो जोरात चालवल्यावर येतो. १०० वॅटचा अँप तिथपर्यंत नेला तर पहिली रांग उठून जाईल.

वीज: इथे तडजोड नको

गिटारवादकाचा हात तारांवर असतो आणि ओठ माइकला लागतात. अँप एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर, दोघांचं अर्थिंग वेगवेगळं किंवा एकाचं नाहीच, अशी स्थिती असली की वीज ओठांतून हातात उतरते. यात माणसं गेली आहेत. दव पडलेल्या गवतावर, अनवाणी उभं असेल तर धोका आणखी वाढतो.

म्हणून साउंडचेकच्या आधी, कोणीही गिटार हातात घेण्याआधी, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. एक पिन गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. काटा शून्यापाशी राहिला पाहिजे. पाच-दहा व्होल्ट दिसले तरी कारण सापडेपर्यंत कोणालाही वाजवू देऊ नका. प्रत्येक अँप आणि प्रत्येक माइक असा तपासा, एखादा अँप मागाहून आला तर पुन्हा. "हम" येतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकायची सवय काही लोकांना असते. ती पिन म्हणजे अर्थिंग. असा प्लग दिसला की बाजूला ठेवा.

साउंड आणि अँप एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर ठेवा. लाइट वेगळ्या फेजवर. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. जनरेटर असेल तर त्याच्यासाठी अर्थिंगचा रॉड ओल्या जमिनीत ठोकून घ्या, आणि हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. साउंडला ३ किलोवॅट, अँपना १, एलईडी लाइटना २, चहापाण्याच्या बाजूला अर्धा, म्हणजे साडेसहा झाले. १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर निम्म्या भारावर आरामात चालतो. खेड्यात कार्यक्रम असेल तर लाइनचा भरवसा धरू नका, पूर्ण कार्यक्रम जनरेटरवरच घ्या.

स्ट्रॅटोकास्टर गिटारचे सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारे भाग) आसपासच्या तारांतली ५० हर्ट्झची गुणगुण पकडतात. लाइटच्या वायरी आणि गिटारच्या केबली शेजारी-शेजारी नेऊ नका, एकमेकींना ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडू द्या. जुन्या पद्धतीचा जर्मेनियम फझ पेडल (गिटारचा आवाज फाडणारी, पायाने चालवायची डबी) असेल तर त्याला स्वतंत्र ९ व्होल्टची बॅटरी द्या. त्यातल्या बऱ्याच पेडलांची धन-ऋण बाजू इतर पेडलांच्या उलट असते, त्यामुळे एकाच अडॅप्टरवर जोडले की गडबड होते.

वाजवायचं काय, सांगायचं काय

साडेपाचला सुरू, साडेआठला बंद. उचगाव, येळ्ळूर, कडोलीकडच्या मुलांना परतीची बस मिळाली पाहिजे. सुरुवात शिकाऊ मुलांनी करावी, उजेड असताना, प्रत्येकी एक गाणं. त्यांच्यामुळे घरची माणसं येतात, आणि आलेली माणसं थांबतात.

मग पंधरा मिनिटं गिटार हातात घेऊन सांगणं. हा माझा आवडता भाग आहे आणि तो गाळू नये असं मी आग्रहाने सांगेन. हेंड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारा आपल्या सोयीने बदलून लावायचा. अंगठा गिटारच्या गळ्याच्या वरून आणून खालचे सूर दाबायचा, त्यामुळे उरलेली बोटं सुरावट वाजवायला मोकळी राहत. गिटार अँपसमोर नेली की आवाज फिरून फिरून स्वतःलाच पोसतो आणि सूर लांबत जातो. आपण ज्याला स्पीकरची शिट्टी म्हणून वैतागतो, तीच त्याने वाद्यासारखी वापरली. हे सगळं करून दाखवा. समोरच्या आजोबांनाही ते कळतं. आपण कुमार गंधर्वांच्या सुळेभावीजवळ राहणारी माणसं, एकच सूर कसा लावला जातो हे ऐकायची सवय इथल्या कानांना आहे.

तो अनेकदा सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवायचा. पेटीच्या भाषेत सर्वांत जाड तार पांढरी तीनवरून काळी दोनवर येते. त्यासाठी एक गिटार वेगळी लावून ठेवा, स्टेजवर पिळत बसू नका. एखाद्या गाण्यात तबला घेणार असाल तर तबलजींना स्वर आठवडाभर आधी कळवा, म्हणजे ते त्या स्वराचा दायां घेऊन येतील.

निवेदनात एक गोष्ट आवर्जून सांगा. हेंड्रिक्स १९६१-६२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावात, जिथे घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे, तिथे यामुळे परका माणूस एकदम ओळखीचा होतो. त्याच्या मृत्यूबद्दलही लपवाछपवी नको. झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने तो गेला, हे सरळ सांगावं, रंगवून सांगू नये. पोरांसोबत पालक बसलेले असतात आणि त्यांच्या मनात तो प्रश्न असतोच.

१९६९ मध्ये वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं. ते ऐकून आपल्याकडेही कोणीतरी "जन गण मन तसंच वाजवू या" असं सुचवेल. नको. राष्ट्रगीताचे आपले नियम वेगळे आहेत, आणि एवढ्या मेहनतीने जमवलेली संध्याकाळ वादात सापडायला नको.

कार्यक्रमाचा दिवस आणि नंतर

साउंड दुपारी १२ ला उभा, २ ला अर्थिंगची तपासणी, ३ ला साउंडचेक. मुख्य बँडचा साउंडचेक आधी घ्या, मुलांचा शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी तशीच राहते. प्रथमोपचाराची पेटी, एक डॉक्टर फोनवर, रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवलेली वाट, पिण्याच्या पाण्याचे जार, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह. पहिल्या दोन रांगा ज्येष्ठांना आणि लहान मुलांना द्यायची पद्धत आहे. रॉकच्या कार्यक्रमात त्यांना मधल्या रांगांत बसवा आणि स्पीकरसमोरची दहा मीटर जागा मोकळी सोडा. कापसाचे बोळे जवळ ठेवा.

कार्यकर्त्यांना उप्पीट-चहा चार वाजताच द्या, नंतर कोणालाही खायला मिळत नाही.

मैदान त्याच रात्री झाडा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे पुन्हा जा आणि त्रास झाला का ते विचारा. जे सांगतील ते वहीत लिहा, पुढच्या वर्षी स्पीकरचं तोंड कुठे वळवायचं ते त्यातूनच ठरेल. पोलीस ठाण्यात आणि मैदानमालकाला आभाराचं पत्र द्या. हिशेब आठ दिवसांत वर्गणीदारांना दाखवा, पावत्यांसह. काही रक्कम उरलीच तर तारांचे संच आणून गावातल्या गिटारच्या क्लासांत वाटा, आणि एखादं डावखुरं पोरगं आढळलं तर त्याच्या गिटारचा नट (गळ्याच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) उलटा बसवून द्यायचा खर्च त्यातून करा.